बाबांच्या प्रश्नांची उत्तरं, स्टुटगार्टहून

स्टुटगार्ट, २२ मार्च २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

मी मजेत आहे. डबा, ऑफिस, थंडी सगळं तुम्हाला माहीत आहे तसंच, ते परत लिहीत नाही. फोनवर बाबांनी एका दमात सहा प्रश्न विचारले आणि आईने "अगोदर तिला जेवू दे" म्हणून फोन काढून घेतला, म्हणून हे पत्र. पाडव्याच्या आत मिळावं म्हणून पानांचे फोटो दादाच्या मोबाईलवर पाठवते आहे. बाबा, चष्मा लावून वाचा.

आधी आईसाठी. इथे युद्ध नाही. युक्रेनची सरहद्द इथून सरळ रेषेत साडेनऊशे किलोमीटरच्या वर आहे. टीव्हीवाले जर्मनी म्हटलं की रणगाडाच दाखवतात त्याला मी काय करू? आणि हो, अमेरिकेच्या सैन्याचं युरोपचं मुख्यालय याच गावात आहे, फायहिंगेन भागातल्या पॅच बराकीत. बाबांनी ते शोधून काढलंच आहे. पण ते आजचं नाही, कित्येक वर्षांपासून आहे. गावाला त्याची सवय आहे.

आता निवडणूक. बाबांचा प्रश्न होता की निवडणूक जर्मनीची आणि भाषणं सगळी युक्रेन, सीरिया, ट्रम्प यांच्यावर, हे कसं? खरं सांगायचं तर निवडणूकच मुळात युक्रेनच्या पैशावरून लागली. ६ नोव्हेंबर २०२४ ला सकाळी ट्रम्प निवडून आल्याचं कळलं आणि त्याच रात्री चॅन्सेलर (म्हणजे इथले पंतप्रधान) शोल्त्स यांनी अर्थमंत्री लिंडनर यांना काढून टाकलं. इथे राज्यघटनेत 'कर्जाला लगाम' नावाचं कलम आहे. केंद्र सरकारने वर्षाला देशाच्या उत्पन्नाच्या ०.३५ टक्क्यांपेक्षा जास्त रचनात्मक तूट काढायची नाही. संकट आलं तर तो लगाम सैल करता येतो. शोल्त्स म्हणाले, युक्रेनचं युद्ध हेच संकट समजा आणि त्यांना आणखी ३ अब्ज युरो द्यायला लगाम सोडा. लिंडनर नाही म्हणाले. तीन पक्षांचं सरकार होतं, त्यातला लिंडनर यांचा पक्ष गेला आणि बहुमतही गेलं.

तरी संसद आपणहून विसर्जित होऊ शकत नाही. चॅन्सेलरने विश्वासठराव मांडायचा, तो हरायचा, मग राष्ट्राध्यक्षांकडे जायचं. १६ डिसेंबरला शोल्त्स हरण्यासाठीच उभे राहिले आणि ठरल्याप्रमाणे हरले. २७ डिसेंबरला राष्ट्राध्यक्षांनी संसद विसर्जित केली. तिथून ६० दिवसांच्या आत मतदान व्हावं लागतं. म्हणून २३ फेब्रुवारी, भर थंडीत.

प्रचाराची सुरुवात पगार, घरभाडं, वीज यावर होईल असं सगळे धरून चालले होते. गाड्यांचे कारखाने अडचणीत आहेत, इथे तर दुसरा विषयच नाही. पण बाहेरची बातमी आली की आतली मागे पडायची. ८ डिसेंबरला सीरियात असाद पळाला. दुसऱ्याच दिवशी इथल्या आश्रय कार्यालयाने सीरियन लोकांच्या अर्जांवरचे निर्णय थांबवले, आणि विरोधी सीडीयू पक्षाचे श्पान म्हणाले की ज्यांना परत जायचं आहे त्यांच्यासाठी विमानं भाड्याने घेऊ आणि हातात हजार युरो देऊ. चोवीस तासांत! इथे साडेनऊ लाखांवर सीरियन राहतात, त्यांतले कितीतरी डॉक्टर आणि इस्पितळातले कर्मचारी. ते गेले तर इस्पितळं कोण चालवणार, हा प्रश्न मग दुसऱ्या दिवशी निघाला.

मग हल्ले झाले. २० डिसेंबरला माग्डेबुर्गच्या नाताळ बाजारात गाडी घुसली, सहा जण गेले. २२ जानेवारीला आशाफेनबुर्गच्या बागेत चाकूहल्ला झाला, त्यात दोन वर्षांचं मूल आणि त्याला वाचवायला गेलेला एक माणूस गेला. १३ फेब्रुवारीला म्युनिकमध्ये कामगारांच्या मोर्चात गाडी घुसली, आई आणि लहान मुलगी गेल्या. आरोपी तिन्ही वेळा बाहेरून आलेले, पण एकसारखे नव्हते. माग्डेबुर्गचा आरोपी सौदी डॉक्टर, स्वतःच इस्लामच्या विरोधात लिहिणारा. त्याला नेमकं कोणत्या खान्यात घालायचं ते शेवटपर्यंत कुणाला जमलं नाही. प्रचारात मात्र 'अंतर्गत सुरक्षा' आणि 'परकीय' हे दोन शब्द एकमेकांना चिकटले ते चिकटलेच.

आशाफेनबुर्गनंतर सीडीयूचे नेते मेर्त्स यांनी पाच कलमं मांडली. सगळ्या सीमांवर कायम तपासणी, कागद नसलेल्यांना सीमेवरूनच परत पाठवणं, असं ते होतं. २९ जानेवारीला तो ठराव ३४८ मतांनी मंजूर झाला, आणि तो झाला एएफडी या कडव्या उजव्या पक्षाच्या मतांवर. ठराव बंधनकारक नव्हता, तरी देश हलला. यात जी मर्यादा मोडली, तिला इथे 'ब्रांडमाउअर' म्हणतात. म्हणजे दोन घरांमधली आगरोधक भिंत. कितीही अडलं तरी त्या पक्षासोबत बहुमत जमवायचं नाही, असा बाकीच्यांचा अलिखित करार. आपल्याकडे २०१९ मध्ये पहाटे शपथविधी होऊन गेला आणि आपण चहा पिताना टीव्हीवर पाहिला, त्यामुळे यांचा हा गहजब आपल्याला जरा सोवळ्यासारखाच वाटतो. पण यांचा इतिहास पाहता त्यात अर्थ आहे. दोन दिवसांनी मेर्त्सनी त्याच विषयावर कायदा आणला, तेव्हा त्यांच्याच पक्षातले काही जण मतदानाला फिरकले नाहीत आणि कायदा पडला. २ फेब्रुवारीला बर्लिनमध्ये पोलिसांच्या हिशेबाने किमान १ लाख ६० हजार लोक रस्त्यावर होते. फायदा झाला तो भलत्यालाच: मरायला टेकलेल्या डाव्या पक्षाला तरुणांनी उचलून धरलं आणि तो ८.८ टक्क्यांवर गेला.

युक्रेनबद्दल प्रत्येकाने आपापलं दुकान मांडलं होतं. वाद टाउरुस क्षेपणास्त्र युक्रेनला द्यायचं की नाही याचा. त्याचा पल्ला ५०० किलोमीटरच्या वर, म्हणजे युक्रेनमधून सोडलं तर रशियाच्या आत खोलवर जातं. शोल्त्सनी ते शेवटपर्यंत दिलं नाही आणि तेच प्रचारात मिरवलं: मी संयमी आहे, माझ्या हातात देश सुरक्षित आहे. गंमत अशी की अमेरिकेखालोखाल युक्रेनला सर्वांत जास्त शस्त्रं देणारा देश यांचाच. पण पेन्शनवर जगणारे मतदार आणि पूर्वेकडची राज्यं डोळ्यांसमोर ठेवून ते बोलत होते. मेर्त्स द्यायच्या बाजूचे, पण मतदान जवळ आलं तसा त्यांचा आवाज खाली आला. पर्यावरणवादी ग्रीन पक्षाचे हाबेक संरक्षणावर उत्पन्नाच्या साडेतीन टक्के खर्च करा म्हणाले. एकेकाळी शांततेचे मोर्चे काढणारा पक्ष! एएफडी आणि वागेनक्नेख्त बाईंचा नवा पक्ष यांनी 'शस्त्रं नको, वाटाघाटी' हेच लावून धरलं. पूर्वेच्या पाचही राज्यांत एएफडी पहिला आला, त्याला हेही एक कारण. एकटं हेच नव्हे. गाझावर मात्र बहुतेक मोठे पक्ष जपून, मोजूनमापून बोलले. इस्राएलची सुरक्षा हा इथे राज्याच्या अस्तित्वाशी जोडलेला विषय मानतात.

बाबांना आठवत असेल, २००२ मध्येही असंच झालं होतं. शोल्त्स यांच्याच पक्षाचे तेव्हाचे चॅन्सेलर श्रोएडर मागे पडले होते, त्यांनी इराकच्या युद्धात जाणार नाही असं भर सभेत सांगितलं, त्यातच एल्बे नदीला पूर आला, आणि दोन्ही बाजूंना ३८.५ टक्के मतं पडून ते सुमारे सहा हजार मतांनी पुढे राहिले. पक्षाच्या कार्यकर्त्यांना तो हिशेब अजून तोंडपाठ आहे. शोल्त्सही बहुधा त्याच आशेवर होते. पण २००२ ला युद्ध व्हायचं होतं, या वेळी तीन वर्षं चालू होतं. लोक थकले होते आणि डिझेल-गॅसची बिलं भरून झाली होती.

मतदानाच्या दहा दिवस आधी सगळं एकदम आलं. १२ फेब्रुवारीला ट्रम्प आणि पुतिन यांचं फोनवर बोलणं झालं, युरोपला न विचारता. १४ तारखेला म्युनिकच्या सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे उपाध्यक्ष व्हान्स यांनी यांनाच लोकशाहीचे धडे दिले, भिंती पाडा म्हणाले आणि एएफडीच्या वाइडेल बाईंना भेटूनही गेले. मस्क तर जानेवारीपासूनच त्या पक्षाच्या सभेत पडद्यावरून बोलत होते. पाहुण्याने येऊन घरातल्या भांडणात बाजू घ्यावी तसं झालं. त्याने एएफडीचा फायदा झाला की बाकीचे चिडून मतदानाला आले, यावर अजून वाद घालतायत. मतदान ८२.५ टक्के झालं, दोन्ही जर्मनी एक झाल्यापासून सर्वांत जास्त.

एक गोष्ट तुमच्या टीव्हीवर आली नसेल. डिसेंबरात इथल्याच उल्म भागात आणि बर्लिन वगैरे ठिकाणी मिळून २७० च्या वर गाड्यांच्या धुराड्यात बांधकामाचा फोम भरला गेला. दारं-खिडक्यांच्या फटी बुजवायला वापरतात तो, डब्यातून फवारला की फुगून घट्ट होणारा. शेजारी हाबेक यांचा हसरा फोटो आणि 'आणखी हिरवे व्हा' असं लिहिलेलं स्टिकर. सगळ्यांनी पर्यावरणवाल्या पोरांना शिव्या घातल्या. फेब्रुवारीत बातमी आली की पोरं पैसे घेऊन करत होती आणि तपास करणाऱ्यांना यामागे रशियाचा हात असल्याचा संशय आहे. बाबा, खर्च बघा: फोमचा डबा आणि एक स्टिकर. मोटारवाल्यांच्या राज्यात ग्रीन पक्षाला बदनाम करायला यापेक्षा काय लागतं?

आता बाबांच्या जिव्हाळ्याचा विषय. नाही, इथे ईव्हीएम नाही. हे जरा सविस्तर लिहिते. तुम्ही इतक्या वेळा केंद्राध्यक्ष होता, तुम्हाला निम्म्यात सोडलं तर रात्री फोन कराल.

२००५ च्या निवडणुकीत काही ठिकाणी यंत्रं वापरली होती. त्यावर खटला झाला आणि ३ मार्च २००९ ला घटना न्यायालयाने निकाल दिला. मतदान आणि मोजणीचे मुख्य टप्पे साध्या माणसाला, तांत्रिक ज्ञान नसताना, स्वतः तपासता आले पाहिजेत. तेव्हापासून कागद आणि पेन, कुठे कुठे पेन्सिलही. (आईला वाटेल खोडरबर लागलं तर? मतं मतपेटीत आणि पेटी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, कोण खोडणार?) मतदान नेहमी रविवारी, सकाळी ८ ते संध्याकाळी ६. घरी पोस्टाने सूचनापत्र येतं, ते दाखवायचं, यादीत नावापुढे खूण होते. बोटाला शाई नाही! दारात पोलीसही सहसा नाही.

मतपत्रिका लांबलचक, तिच्यावर दोन रकाने. डावा काळ्या अक्षरात, मतदारसंघातल्या उमेदवारासाठी. उजवा निळ्या अक्षरात, पक्षासाठी. दोन्हीकडे एकेक फुली मारायची. संसदेत कुणाच्या किती जागा ते निळं मत ठरवतं, आणि लोक दर वेळी काळ्यालाच महत्त्वाचं समजतात. यंदापासून जागा ६३० वर बांधल्या आहेत. पक्षाला निळी मतं कमी पडली तर मतदारसंघ जिंकलेला माणूसही घरी बसतो. असे २३ जण जिंकूनही घरी बसले! आपल्याकडे असं झालं असतं तर काय झालं असतं, विचार करा. पत्रिकेचा वरचा उजवा कोपरा कापलेला असतो, कारण अंध मतदारांना साचा त्यावर नीट बसवता यावा. एवढी सोय ठेवतात.

सहा वाजता दार बंद होत नाही, उलट कुणीही आत येऊन मोजणी बघू शकतो, मतदार असो वा नसो. पेटी त्याच खोलीत टेबलावर रिकामी करतात. दोन्ही फुल्या एकाच पक्षाच्या असतील त्या पत्रिकांचे पक्षवार गठ्ठे एकीकडे, वेगवेगळ्या असतील त्या दुसरीकडे, कोऱ्या तिसरीकडे. शंकेची पत्रिका बाजूला ठेवून मंडळ तिच्यावर मतदान घेतं. यादीतल्या खुणा आणि पत्रिकांची संख्या जुळली पाहिजे. तुमचा १७-सी, केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाचा फॉर्म, आठवला. मग आकडा फोनवरून कळवतात. हे सगळं शिक्षकांवर ढकलत नाहीत. देशभरात साडेसहा लाखांच्या वर साधे नागरिक हे काम करतात आणि भत्ता २५ युरो, अध्यक्षाला ३५. त्या भत्त्याचं सरकारी नाव 'ताजंतवानं होण्याचे पैसे'. तुम्हाला चहा-बिस्किटांवर रात्र काढायला लावायचे, ते नाव कुणी ठेवलं नाही इतकंच.

तरी यालाही बाहेरच्यांनी हात घातलाच. लाइपत्सिगच्या मतपत्रिकेवर एएफडीचं नावच नाही, हाम्बुर्गमध्ये टपाली मतं फाडून टाकतायत, असे व्हिडिओ फिरले. दोन्ही खोटे, अधिकाऱ्यांनी लगेच सांगितलं. खरी अडचण वेगळीच होती. घाईच्या निवडणुकीत टपाली मतदानाला जेमतेम दोन आठवडे मिळाले आणि परदेशातल्या कितीतरी जर्मनांना पत्रिका वेळेत पोचल्याच नाहीत. संसदेत यायला पक्षाला पाच टक्के मतं लागतात, वागेनक्नेख्त बाईंचा पक्ष त्या अटीला साडेनऊ हजार मतांनी चुकला. तो आत आला असता तर आता मिळून सरकार बनवू पाहणाऱ्या मेर्त्स आणि शोल्त्सच्या पक्षांना बहुमत उरलं नसतं. आता दोघांचे मिळून ३२८ आहेत, लागतात ३१६.

पण माझा खरा राग पैशावर आहे. दोन महिने संरक्षण, संरक्षण ऐकलं, आणि पैसे कुठून आणणार ते एकानेही धड सांगितलं नाही. मेर्त्स म्हणायचे लगाम घाईने सोडायचा नाही. मतमोजणीला दहा दिवस झाले नाहीत तोच, ४ मार्चला, त्यांनीच शोल्त्सच्या पक्षाबरोबर लगाम सोडायचं जाहीर केलं. संरक्षणाचा, गुप्तहेर खात्याचा आणि युक्रेनच्या मदतीचा खर्च उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या वर गेला की त्याला लगाम नाही. शिवाय रस्ते-पूल-रेल्वेसाठी ५०० अब्ज युरोंचा वेगळा निधी, त्यातले १०० अब्ज ग्रीनवाल्यांनी हवामानासाठी मागून घेतले. घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश लागतात. नव्या संसदेत एएफडीचे १५२ आणि डाव्यांचे ६४ मिळून अडवणूक करू शकतात, म्हणून नवी संसद येत्या मंगळवारी बसण्याआधीच जुन्या संसदेला बोलावून १८ मार्चला मतदान उरकलं. लागत होती ४८९, पडली ५१२. नियमात बसतं. घरमालक बदलायच्या आदल्या दिवशी भाडेकरार करून घेण्यातली गोष्ट आहे, पण नियमात बसतं. आणि काल संसदेच्या समितीने युक्रेनचे ते ३ अब्जही सोडले. ज्यावरून सरकार पडलं, तेच!

आता तो प्रश्न, जो बाबांनी विचारला नाही पण आईने दोनदा विचारला. मला हाकलणार नाहीत. मेर्त्सची सगळी भाषा आश्रय मागणाऱ्यांबद्दल आहे, कामाच्या व्हिसावर आलेल्यांबद्दल नाही. भारतातल्या कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर न्यायचं ठरलं ते गेल्याच ऑक्टोबरात. आपल्या महाराष्ट्र सरकारने याच राज्याशी माणसं पाठवायचा करार केलेला आहे. माझं ब्लू कार्ड (कुशल नोकरदारांचा परवाना) आहे, जर्मन भाषेची बी-१ पातळी झाली की २१ महिन्यांत कायम परवाना मिळतो. नागरिकत्वाचा विचारही केलेला नाही, भारत दोन पासपोर्ट ठेवू देत नाही हे मला माहीत आहे. फरक इतकाच की सगळ्या सीमांवर तपासणी असते, त्यामुळे सीमेपलीकडे फ्रान्समधल्या स्त्रासबुर्गला जाऊन यायचं तरी पासपोर्ट आणि परवाना दोन्ही पर्समध्ये ठेवते. बसमध्ये कुणाला आधी विचारतात ते विचारू नका.

आणि इथे लोकांना धान्य साठवायला सांगतात का, ते. सरकारी आपत्ती कार्यालयाची यादी जुनीच आहे: माणशी १० दिवसांसाठी २० लिटर पाणी, साडेतीन किलो धान्य-पाव-बटाटे, चार किलो भाज्या आणि कडधान्यं. पूर आणि वीज जाण्यासाठी आहे ती. आई, तू उन्हाळ्यात वर्षाची ज्वारी आणि गहू भरून ठेवतेस, तुला दहा दिवसांचं काय कौतुक? माझ्याकडे पाच किलो तूरडाळ आहे, काळजी नको.

स्लॅबच्या कामाला दीड लाख पाठवले आहेत, मंगळवारपर्यंत खात्यात दिसतील. बाबा, ते परत करायची भाषा नको. मे महिन्यानंतरचं पावसाचं पाणी अडवायचं असेल तर वॉटरप्रूफिंग आत्ताच करून घ्या, रंग नंतर. कर्जाचा हप्ता मी भरते आहेच, आता १४ उरले. दादाच्या साखरपुड्याला अक्षय तृतीयेला मला येता येणार नाही. कंपनीत माणसं कमी करण्याचं बोलणं चालू आहे, अशा वेळी रजा मागणं बरं दिसत नाही. मला नोकरीची भीती नाही, उगाच अर्थ काढू नका. लग्नाला मात्र नक्की येणार, तिकीट काढलं की कळवते. वहिनीला साडी माझ्याकडून घ्या, रंग तिला विचारून.

मावशीने सुचवलेलं फ्रांकफुर्टचं स्थळ: फोटो बघितला, मुलगा बरा आहे. पण मी 'विचार करते' म्हटलं त्याचा अर्थ मावशीने 'हो' असा लावून त्यांना कळवला, हे बरोबर झालं नाही. आई, तूच सांग तिला, माझ्याने बोलवत नाही. आणि गुडघ्याचा एक्स-रे काढलास का? दर वेळी "काढते" म्हणतेस. गुढी गच्चीवर उभारायला तू जिना चढू नकोस, दादाला सांग. इथे खिडकीबाहेर काठी लावायला घरमालकाची परवानगी लागते, म्हणून मी आतच खुर्चीला बांधणार आहे. कडुनिंब मिळत नाही. फोटो पाठवा.

तुमची,
ताई